पुस्तक तेच, मग घरात हसू का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर बंगळुरूत. मुलगी १३ वर्षांची. घरात मराठी बोलते, पण वाचताना अडखळते. आजोबा ७५ पार केलेले, जन्मभर वाचत आले, आता डोळे साथ देत नाहीत. म्हणून रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास मोठ्याने वाचायचं ठरवलं. साध्या माणसांचं रोजचं जगणं हलक्या हाताने रंगवणारे, सगळ्यांचे लाडके लेखक निवडले. पहिल्या रात्री आजोबांच्या आग्रहावरून ‘सुदाम्याचे पोहे’, मग दोन रात्री ‘बटाट्याची चाळ’. तिसऱ्या रात्री मुलगी मोबाइलमध्ये गेली आणि आजोबांना डुलकी लागली. आता तुम्ही विचारता आहात की कोणते लेखक घ्यावेत, कोणत्या क्रमाने घ्यावेत, आणि हा विनोदच जुना झालाय का.

विनोद जुना झालेला नाही. काही ठिकाणी तो खरोखर शिळा झालाय, त्याबद्दल पुढे सांगते. पण तुमच्या घरी तीन रात्रींत जे झालं त्याचं कारण वेगळं आहे. या लेखकांचा विनोद बहुतेक वेळा एखाद्या हमखास हशाच्या वाक्यात नसतो. तो माणसात असतो. माणूस दिसायला लागला की त्याच्या साध्या वाक्यालाही हसू येतं, आणि तो दिसला नाही तर लेखकाची सर्वांत गाजलेली ओळसुद्धा कोरडी जाते. तेव्हा ‘सगळ्यात विनोदी पुस्तक कोणतं’ असं न विचारता ‘आमच्या घराला कोणता माणूस पटकन दिसेल’ असं विचारलंत, तर निवड सोपी होते.

क्रम सांगण्याआधी दोन गोष्टी तुमच्या तुम्हालाच ठरवाव्या लागतील. एक म्हणजे आजोबा मूळचे कुठले. कोकणातल्या माणसाला रत्नागिरीकडची बोली चटकन पोचते, सोलापूर-सांगलीकडच्या माणसाला ग्रामीण कथा लिहिणाऱ्या द. मा. मिरासदारांची. आजोबांच्या कानाला ओळखीची बोली लवकर आणा, कारण ते हसले की मुलगीही मान वर करून बघते. दुसरं म्हणजे मुलीचं मराठी नेमकं कुठे अडतं. शब्द अडत असतील तर उपाय सोपा आहे. लांब वाक्य ऐकताना सुरुवात विसरायला होत असेल, तर लेखकच बदलावा लागतो. एक छोटी चाचणी करा. कोणत्याही पुस्तकातलं २५ शब्दांचं एक वाक्य तिला एकदाच वाचून दाखवा आणि कोण कोणाबद्दल काय म्हणालं ते विचारा. नीट सांगता आलं तर बरीच वाट मोकळी आहे.

आता ‘सुदाम्याचे पोहे’ का पडलं ते बघू. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) हे मराठी विनोदी लेखनाचे आद्य पुरुष. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्यांचं त्रिकूट समाजातल्या एकेका रूढीला धरून बसतं आणि तिचा फडशा पाडतं. पण त्यांची वाक्यं संस्कृत वळणाची, लांब, कोट्यांनी भरलेली. कोटी कळायला दोन्ही अर्थ आधीपासून माहीत असावे लागतात. शिवाय ज्या रूढींवर ते प्रहार करत होते त्यांतल्या कित्येक मुलीने पाहिलेल्याच नाहीत, त्यामुळे मार कुठे बसतोय हेच तिला समजत नाही. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी, म्हणजे विनोदी लेखनातले ‘बाळकराम’, यांचंही तसंच. दोघेही मोठे, पण मोठ्याने वाचून तीन पिढ्यांना एकत्र हसवायला सुरुवातीला उपयोगी नाहीत. ते आजोबांसाठी ठेवा. दुपारी, मुलगी शाळेत असताना. (गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पु. ल. देशपांडे त्याच वर्षी नोव्हेंबरात जन्मले. दोघांच्या भाषेत मात्र एका पिढीहून कितीतरी जास्त अंतर आहे. एक लिहिलेलं मराठी आहे, दुसरं बोललेलं.)

सुरुवात दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ने करा. हे टिपरे कुटुंबाच्या रोजनिशीच्या रूपातलं लेखन आहे. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका यावरूनच आली. घरात आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडं, म्हणजे जवळपास तुमचंच घर. नोंदी छोट्या असतात, एका बैठकीत दोन-तीन होतात. भाषा आजच्या घरातली आहे. मुलीला इथे शब्दार्थ जवळपास लागणार नाहीत, आणि पहिल्या आठवड्यात तेच हवं असतं. एकच घटना आजोबांना एक दिसते आणि नातवाला दुसरीच, ही या विनोदाची खरी चावी तिला न शिकवता सापडते. पुढच्या सगळ्या लेखकांसाठी ती कामाला येते.

मग पुलं. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) पहिल्या पानापासून वाचायला घेतलंत, तिथे चूक झाली. त्या पुस्तकाच्या सुरुवातीला चाळीची आणि तिथल्या बिऱ्हाडांची ओळख होते, भराभर नावं येतात. ज्याने चाळ पाहिली आहे त्याला प्रत्येक नावाबरोबर एक दरवाजा दिसतो. ज्याने पाहिली नाही त्याच्यासाठी ती नुसती यादी. मधून आत शिरा. ‘उपास’ हे प्रकरण आधी घ्या. एक माणूस वजन कमी करायचं ठरवतो आणि चाळीतला प्रत्येक जण त्याला काय खावं, काय खाऊ नये हे सांगतो. याला काळाची अडचण नाही. तुमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आजही तेच चालू असेल. त्यानंतर ‘भ्रमणमंडळ’. पुस्तकाच्या शेवटी असलेलं ‘चिंतन’ मात्र एवढ्यात वाचू नका. तिथे सूर बदलतो, चाळ म्हातारी होते, आणि तो बदल जाणवायला आधी चाळीवर माया जडलेली असावी लागते.

‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातली सगळी माणसं आवडती असली तरी सगळी तुमच्या बैठकीला सारखी चालणार नाहीत. ‘नारायण’ आधी घ्या, कारण लग्नघरात सगळी कामं अंगावर घेणारा माणूस प्रत्येक नात्यागोत्यात एक तरी असतोच. नंतर ‘चितळे मास्तर’. ‘सखाराम गटणे’ मात्र थांबवा. गटण्याचा सगळा विनोद तो बोलताना पुस्तकी मराठी बोलतो यात आहे. बोलण्याचं मराठी आणि लिहिण्याचं मराठी यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो त्यालाच गटण्याचं पहिलं वाक्य हसवतं. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलीला दोन्ही मराठी सारखीच अवघड वाटतात, म्हणून गटणे तिला फक्त हुशार मुलगा वाटतो. तीन-चार महिन्यांनी परत या. तिला तो अचानक कळेल. ‘अंतू बर्वा’ तर त्याच्याही नंतर. तिथे प्रत्येक तिरकस वाक्याखाली एकटेपणा आहे आणि वाचणाऱ्याला दोन्ही सांभाळावं लागतं. तुमचा हात बसल्यावरच तो घ्या.

घरात वाचायला ‘म्हैस’ फार उपयोगी. एसटीच्या वाटेत म्हैस आडवी येते, गाडी थांबते, आणि मग उतारूंची, गावकऱ्यांची, अधिकारी-पुढाऱ्यांची जत्रा भरते. पात्रं भरपूर आहेत, संवाद लहान आहेत, म्हणजे वाटून वाचता येतं. मुलीला दोन-तीन पात्रं द्या, पण आदल्या दिवशी द्या आणि तिच्या ओळींना पेन्सिलीने खूण करून द्या. ऐन वेळी दिलेली ओळ मूल अडखळत वाचतं, लाजतं, आणि पुन्हा हात लावत नाही.

साधारण महिन्याभराने चिं. वि. जोशी. माझ्या मते साधेपणाची कसोटी लावली तर मराठीत चिंविंच्या पुढे कोणी जात नाही. जोशी (१८९२–१९६३) बडोद्यात पाली भाषा शिकवत, बौद्ध साहित्याचे अभ्यासक होते. आणि लिहिलं त्यांनी चिमणरावासारख्या मध्यमवर्गीय कारकुनाचं घर. बायको काऊ, मुलं मोरू आणि मैना, आई आणि दर वेळी नवी भानगड घेऊन येणारा गुंड्याभाऊ. चिमणराव स्वतःच सगळं सांगतो, आणि आपण हसण्यासारखं काही करतोय याची त्याला गंधवार्ता नसते. तो अगदी प्रामाणिकपणे आपली बाजू मांडत असतो. म्हणून तो वाचताना आवाजात जराही थट्टा येता कामा नये. एखादा भला माणूस पोलीस चौकीत नम्रपणे जबानी देतोय असं समजून वाचा. थट्टेच्या सुरात वाचलेला चिमणराव बावळट वाटतो, गंभीरपणे वाचलेला आपला वाटतो. १९७०च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी चिमणराव आणि बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊ केला होता. आजोबांना ते आठवत असणार. त्यांना आधी त्याबद्दल बोलू द्या, मग वाचा.

त्यानंतर ग्रामीण कथा. द. मा. मिरासदार (१९२७–२०२१), शंकर पाटील (१९२६–१९९४) आणि व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) या तिघांनी मिळून गावोगावी कथाकथन केलं, आणि त्यांची गोष्ट मोठ्याने सांगण्यासाठीच घडलेली आहे. मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ किंवा ‘व्यंकूची शिकवणी’ पहिल्यांदा घ्या. भोकरवाडीच्या गोष्टी, म्हणजे नाना चेंगट आणि मंडळी, त्यानंतर. शंकर पाटलांची ‘धिंड’ आणि ‘मीटिंग’ थोड्या तयारीने. माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ (१९४९) हसवण्यासाठी घेऊ नका. तिथे हसू ओठांच्या कडेला येतं आणि तिथेच राहतं. दुष्काळी मुलखातली माणसं आहेत ती. पण साधं लिहिणं म्हणजे काय हे कळायला त्यातलं एक व्यक्तिचित्र तरी वाचाच.

एक नाव अशा यादीत सहसा नसतं, ते मी आग्रहाने घालीन. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. लोक ते गंभीर आत्मचरित्र म्हणून बाजूला ठेवतात. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा. शाळेचं शिक्षण नाही. नवरा नारायण वामन टिळक, कवी आणि लहरी. घरातल्या विक्षिप्तपणाकडे, सोवळ्याच्या वेडापायी सारं घर वेठीला धरणाऱ्या वडिलांकडे आणि आपल्या अवलियासारख्या नवऱ्याकडे त्या ज्या नजरेने बघतात, तिच्यात राग आणि हसू एकाच वाटीत असतं. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले तेव्हाची ताटातूट तर काळीज पिळवटणारी आहे, आणि तरी तिथेही भाषा चढत नाही. वाक्यं आखूड, शब्द स्वयंपाकघरातले. तुमच्या मुलीला शंभर वर्षांच्या अलीकडचे काही लेखक जड जातील, लक्ष्मीबाई जाणार नाहीत. लहानपणीची प्रकरणं आधी वाचा.

बाकीचे भराभर सांगते. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ मुलीला एकटीने वाचायला द्या. वाचनाचा सराव त्यावर होईल. गंगाधर गाडगीळांच्या बंडूच्या कथा चिंविंनंतर चालतील. जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ कोकणातल्या गावाचं अप्रतिम पुस्तक, पण त्यातला काही मजकूर मोठ्यांसाठीचा आहे, म्हणून आधी स्वतः वाचून प्रकरणं निवडा. मंगला गोडबोले यांचं लेखन अलीकडच्या शहरी घरातलं आहे. घर चालवणाऱ्या बाईच्या नजरेने लिहिलेला विनोद या यादीत कमी पडतो, तो तिथे मिळेल.

आता वाचायचं कसं. पुस्तकांच्या निवडीपेक्षा इथेच जास्त चुका होतात.

मोठ्याने वाचताना मराठी गद्याचा आरामशीर वेग मिनिटाला ११० ते १२० शब्द पडतो. छापील पानावर २५० ते ३०० शब्द असतील तर एका पानाला साधारण अडीच मिनिटं. म्हणजे अर्ध्या तासात फार तर ११–१२ पानं. पण पहिले दहा दिवस अर्धा तास वाचूच नका. १२ ते १५ मिनिटं, म्हणजे पाच-सहा पानं, आणि मुलगी ‘अजून’ म्हणायच्या बेतात असतानाच पुस्तक मिटा. वाचून संपवायचं असं ओझं झालं की वाचणारा वेग वाढवतो. वेग १५०च्या वर गेला की ऐकणाऱ्याला चित्र उभं करायला वेळच उरत नाही, आणि चित्र नाही तर हसू नाही.

थांबायचं कुठे, ते एका वाक्यावरून दाखवते. हे वाक्य कुठल्या पुस्तकातलं नाही, समजावण्यापुरतं केलेलं आहे: “भाऊकाकांनी छत्री उघडली, तिच्या सगळ्या काड्या मोजल्या, पुन्हा नीट मिटली आणि भिजत घरी आले.” बहुतेक जण हे वाचताना ‘भिजत’वर जोर देतात, डोळे मोठे करतात आणि समोरच्यांकडे बघतात. मग हसू येत नाही, कारण हसायचं कधी ते तुम्हीच सांगून टाकलेलं असतं. त्याऐवजी पहिल्या तीन क्रिया सारख्या लयीत, काकांइतक्याच काळजीने वाचा. ‘मिटली’नंतर अर्धा श्वास. ‘आणि भिजत घरी आले’ त्याच सपाट सुरात, जणू यात वेगळं काही घडलेलंच नाही. आणि वाक्य संपल्यावर दोन सेकंद गप्प बसा. हसू त्या दोन सेकंदांत येतं. वाचणारा लगेच पुढच्या वाक्यावर गेला तर आलेलं हसू ऐकणारे गिळून टाकतात, कारण त्यांना पुढचं ऐकायचं असतं.

यावरून दुसरी गोष्ट कळेल. वर्णनं गाळू नका. ‘संवाद मजेदार आहेत, वर्णन कंटाळवाणं आहे’ म्हणून पुष्कळ लोक दोन-दोन परिच्छेद उडवतात आणि मग संवाद पडतो. वरच्या वाक्यातून काड्या मोजणं काढून टाका, काय उरतं? फक्त भिजलेला माणूस. मुलीला खरोखर जड जाणारा भाग असेल तर आधीच ठरवून पूर्ण परिच्छेद काढा. वाचता वाचता अर्धी वाक्यं गिळू नका.

पुलंच्या बाबतीत एक खास धोका आहे. त्यांच्या ध्वनिमुद्रिका घराघरांत ऐकलेल्या असतात आणि वाचणारा नकळत त्यांच्या आवाजात, त्यांच्या जागा घेत वाचायला लागतो. ती नक्कल दोन मिनिटं बरी वाटते, मग ऐकणाऱ्याचं लक्ष गोष्टीवरून आवाजावर जातं. ज्या दिवशी तो लेख वाचणार असाल त्याच्या आधीचे चार दिवस ध्वनिफीत ऐकू नका. नंतर जरूर ऐका, तिघांनी मिळून. आपण कुठे थांबलो आणि ते कुठे थांबतात याची तुलना करण्यात मुलीला मजा येईल.

बोलीबद्दल. मिरासदार, शंकर पाटील वाचताना गावरान हेल मुद्दाम काढू नका. बोली लेखकाने लिहूनच दिलेली आहे. ‘न्हाई’ लिहिलंय तर ‘न्हाई’ वाचा, ‘व्हय’ तर ‘व्हय’, ‘आन्’ तर ‘आन्’. एवढं केलंत की पुरेसं आहे. वरून हेल चढवला की गावातल्या माणसाची टिंगल केल्यासारखं होतं, आणि या लेखकांनी ती कधी केलेली नाही. ते त्या माणसांमधलेच होते. मुलीला त्रास होईल तो च-ज-झ या अक्षरांचा. ‘चार’मधला च वेगळा, ‘चांगला’मधला वेगळा, ‘जेवण’मधला ज वेगळा, ‘जागा’मधला वेगळा. छापताना दोन्ही सारखेच दिसतात. तिच्या वाट्याच्या ओळींत दातांजवळच्या च-जखाली पेन्सिलीने टिंब द्या, दोन आठवड्यांत गरज संपेल.

जुन्या आवृत्त्या हाताशी असतील तर आणखी एक अडचण येईल. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम लागू झाले, त्याआधीच्या छपाईत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘तेथें’ असे अनुस्वार दिसतात. ते उच्चारायचे नाहीत. ‘काही’, ‘नाही’, ‘तेथे’ असंच वाचायचं. मुलगी ते नाकात उच्चारायला गेली तर वाक्याचा ठेका मोडतो. तिच्यासाठी शक्यतो नवी आवृत्ती घ्या.

शब्दार्थ वाचायच्या आधी सांगा, मध्ये कधीच नको. गोष्ट थांबवून समजावलेला विनोद परत उभा राहत नाही. दुपारी पाच-सहा पानं चाळून पाच शब्द काढा, जास्तीत जास्त सात, आणि वाचायला बसताना दोन मिनिटांत सांगा. सारखे लागणारे शब्द म्हणजे बिऱ्हाड, ओसरी, पडवी, माधुकरी, सोवळं, चावडी, पेंड, बिगरी, मॅट्रिक. या कामासाठी आजोबा घरात आहेत हे तुमचं भाग्य. ‘चावडी म्हणजे गावाचं सरकारी कामकाज चालायची जागा’ असं तुम्ही सांगाल, आणि ते त्यांच्या गावच्या चावडीचा दरवाजा कुठल्या बाजूला होता ते सांगतील. दुसरं उत्तर मुलीच्या लक्षात राहतं. पैशांचं गणितही त्यांच्याकडेच सोपवा: रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै, १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. चिंविंच्या घरात कोणी दोन आण्यांवरून वाद घालत असेल, तर दोन आणे म्हणजे रुपयाचा आठवा भाग हे माहीत असल्याशिवाय तो वाद मोठा की छोटा हेच कळत नाही.

काय शिळं झालंय ते आता स्पष्ट सांगते. या लेखकांत बायकोला अडाणी ठरवणारी, जाडेपणावर किंवा काळ्या रंगावर बेतलेली, एखाद्या जातीच्या किंवा प्रांताच्या ठरीव स्वभावावर टेकलेली वाक्यं सापडतात. सगळ्यांत सारखी नाहीत, पण आहेत. काळाच्या नावाखाली ती सगळी माफ करावीत असं मला वाटत नाही, आणि त्यांच्यासाठी पुस्तक फेकावं असंही वाटत नाही. मी लेखकाची नजर बघते. माणसाची फजिती होत असताना लेखक त्याच्या शेजारी उभा आहे की वरून बघतोय? शेजारी उभा असेल तर ती गोष्ट आजही टिकते. वरून बघत असेल तर ते पान सोडून पुढे गेलेलं बरं. १३ वर्षांची मुलगी हे फार लवकर ओळखते. तिने ‘हे मला आवडलं नाही’ म्हटलं तर लेखकाची बाजू घेऊ नका. काय आवडलं नाही ते विचारा आणि पुढचं वाचा. आजोबांना ते लागेल कदाचित. त्यांचा लाडका लेखक आहे, पण मुलगी त्याच्याशी वाद घालतेय याचा अर्थ ती ऐकतेय.

बैठकीच्या दोन बारीक गोष्टी. आजोबांना वाचणाऱ्याच्या समोर बसवू नका, शेजारी बसवा, ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला. पंखा हळू ठेवा. पंख्याच्या घरघरीत वाक्यांची शेवटची अक्षरं जातात आणि मराठीत क्रियापद शेवटीच असतं. आजोबांना डुलकी लागली म्हणून वाचन फसलं असंही समजू नका. ७५व्या वर्षी रात्री नऊनंतर डोळा लागतोच. जमलं तर वेळ साडेसातला, जेवणाआधी आणा.

मग ‘चिंतन’ कधी वाचायचं? ज्या रात्री मुलगी चाळीतल्या कुणाचं तरी नाव आपणहून घेईल, घरातल्या एखाद्या माणसाला ‘हा अगदी त्या अमक्यासारखा’ म्हणेल, त्यानंतरच्या रविवारी. त्या दिवशी शब्दार्थ सांगू नका, पात्रं वाटू नका. शक्य असेल तर पहिलं पान आजोबांना वाचू द्या. मोठ्या टाइपात टंकून कागदावर छापून दिलंत तर जमेल. २० ते २२ पॉइंटचं अक्षर, ओळींमध्ये भरपूर जागा, आणि पानाच्या एकाच बाजूला छापलेलं.